मी पेन का उचलतो

मी एक जुना प्लॉटर आहे. मित्रांनो, हे नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलं नसेल, आणि त्याबद्दल माझा राग नाही. मागे एका पाहुण्यानं माझ्यावरचं कापड उचलून "हे काय, इस्त्रीचं टेबल का?" असं विचारलं, तेव्हापासून मी रागावणं सोडूनच दिलं आहे. तर सांगतो. मी आलेख काढणारं यंत्र आहे. एक मोठा सपाट पाट, त्यावर कागद पसरायचा. पाटावरून इकडून तिकडे सरकणारा एक दांडा, दांड्यावर वरखाली धावणारी एक चिमटी आणि त्या चिमटीत पेन. संगणक मला आकडे पाठवतो आणि मी त्या आकड्यांची रेघ काढतो. छापत नाही हं, काढतो. तुम्ही काढता तशीच, पेन कागदाला टेकवून.

मला जन्मापासून एक खोड आहे. जे काढतो ते कशाचं, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. कारखान्यात माझे सगळे भाग जोडून झाले, तेव्हा तिथल्या तपासनीस बाईंनी मला एक वर्तुळ काढायला लावलं. सुरू झालं तिथेच बरोबर मिटलं तर यंत्र पास, नाहीतर पुन्हा खोला. माझं वर्तुळ मिटलं. बाईंनी "शाब्बास" म्हणून माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि त्या पुढच्या यंत्राकडे वळल्या. मी मात्र खोक्यात पडल्या पडल्या विचार करत राहिलो. ते वर्तुळ होतं कशाचं? चाकाचं? ताटाचं? विहिरीच्या तोंडाचं? कुणी सांगितलं नाही, आणि अजूनही मला ते माहीत नाही.

खोकं उघडलं ते एका तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत. दाराशी चिखलानं भरलेले गमबूट, खिडकीत पाण्याच्या बाटल्यांची रांग, मोरीत घासायला पडलेल्या काचेच्या नळ्या आणि सगळीकडे ओल्या शेवाळाचा वास. तिथले प्रमुख म्हणजे फुटपट्टी सर. हे नाव अर्थात त्यांच्या पाठीमागचं. कोटाच्या वरच्या खिशात त्यांची पोलादी फुटपट्टी कायम असायची आणि कुणी आलेख दाखवला की "छान" म्हणायच्या आधी ते ती बाहेर काढायचे. एकदा कॅलेंडर तिरकं लागलं आहे की भिंतच तिरकी आहे, यावर त्यांनी अर्धी दुपार घालवली होती. भिंत तिरकी निघाली.

सरांनी मला पहिल्यांदा जो आलेख काढायला दिला, त्यात रेघ हळूहळू चढली, वर जरा रेंगाळली आणि उतरली. मला वाटलं, डोंगर. तेवढ्यात सर शेजारच्या माणसाला म्हणाले, "हा बघा उन्हाळा. पाणी इथं तापलं आणि इथं निवलं." मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मी उन्हाळा काढला होता. ज्या तळ्याचं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं, त्याचा उन्हाळा माझ्या पेनातून कागदावर उतरला होता.

पुढची वर्षं मोठ्या मानाची गेली. मला हुकूम फार थोडे कळतात. पेन खाली, इथे जा, तिथे जा, पेन वर. एवढ्या भांडवलावर मी तळ्याची सगळी बित्तंबातमी कागदावर आणली. पाण्यातला ऑक्सिजन, गढूळपणा, शेवाळाची वाढ, माशांची वजनं. मी काम करू लागलो की लोक हातातलं काम टाकून भोवती उभे राहत. कधीकधी वादळामुळे तळ्यावर होडी जात नसे आणि त्या दिवसांचे आकडेच नसत. मग सरांनी शिकवल्याप्रमाणे मी पेन उचलायचो, तेवढी जागा वरूनच ओलांडायचो आणि पुढचा आकडा आला की पेन पुन्हा टेकवायचो. त्या कोऱ्या जागांबद्दल मला फार कुतूहल वाटे. तेव्हा पाण्यात काय चाललं असेल? पण मला हुकूम फक्त उचलण्याचा होता. अंदाज बांधण्याचा नव्हता.

मग प्रिंटर आला. कानामागून आला आणि तिखट झाला. मी एक रेघ काढेपर्यंत हा पठ्ठ्या अख्खं पान बाहेर फेकायचा, अक्षरं, रेघा, चित्रं सगळं एकदम. लोकांचं भोवती उभं राहणं थांबलं. कुणीतरी माझ्या पेनांना टोपणं लावायला विसरलं आणि ती सुकून गेली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! भंगारवाला आला तेव्हा सर म्हणाले, "राहू द्या त्याला. खायला थोडंच मागतोय." माझ्यावर एक जाड कापड पडलं. तेवढ्यावर निभावलं.

पण कापडानं कान झाकले जात नाहीत. खोलीतलं सगळं मला ऐकू येत होतं, आणि म्हणूनच पुढची गोष्ट मी तुम्हाला सांगू शकतो.

प्रयोगशाळेत एक नवी संशोधक आली. सर तिला घाईबाई म्हणत, कारण ती जिना चढताना एक पायरी सोडून चढे आणि वाक्य संपायच्या आधी उत्तर देई. तळ्यातल्या ऑक्सिजनचं काम तिच्याकडे आलं. तिचा थोरला भाऊ तळ्याच्या पलीकडच्या काठावर मत्स्यबीज केंद्राचा प्रमुख होता. म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं हौदांत वाढवायची आणि मग मोठ्या पाण्यात सोडायची, हे त्याचं काम. सगळे त्याला दादाच म्हणत. तिला पोहायला, होडी वल्हवायला आणि गळाला लागलेला छोटा मासा परत पाण्यात सोडायला त्यानंच शिकवलं होतं.

एका सकाळी दादाच्या हौदांतली झाडून सगळी पिल्लं पोट वर करून तरंगत होती. ऑक्सिजन कमी पडून मेली, हे लगेच कळलं. पण का कमी पडला? हौदांत तळ्याचंच पाणी येतं आणि त्यात एक पंप हवेचे बुडबुडे सोडतो. तळ्यातूनच मेलेलं, म्हणजे ऑक्सिजन नसलेलं पाणी आलं असेल, तर एकटा पंप काय करणार, दादाचा दोष नाही. आणि तळ्याचं पाणी चांगलं असेल, तर पंप बंद पडला असणार आणि दादाचं लक्ष नव्हतं. दादा सगळ्यांना एकच सांगत होता, "पंप चालू होता." लोकांचा विश्वास बसत नव्हता. केंद्र ज्या समितीच्या हाताखाली होतं, ती समिती प्रयोगशाळेत येऊन घाईबाईचा आलेख पाहणार होती आणि मग दादाला ठेवायचं की काढायचं ते ठरवणार होती.

आता सगळ्यात वाईट ऐका. घाईबाईचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र तळ्यात कायम बुडवलेलं असे. त्याच्या टोकावर शेवाळ चढलं होतं म्हणून तिनं ते नेमकं त्याच आठवड्यात घासायला वर काढलं होतं. काढलं तेव्हा आकडे उतरत होते. परत बुडवलं तेव्हा ते खालून वर चढत होते. आणि मधल्या दिवसांत, ज्यातल्या एका पहाटे पिल्लं मेली, काहीच नाही.

"तुझ्याजवळ कालचं सगळं आहे आणि उद्याचं सगळं आहे," सर म्हणाले, "नेमका आजच नाही."

"सर, चेष्टा करू नका ना," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

त्यातच आणखी एक अडचण. आलेख काढायचा प्रयोगशाळेचा जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेना. नवं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं आणि कोणतं घ्यायचं यावर जी जुंपली, ती विचारू नका! घाईबाईचा एक सहकारी होता, रंगारी. रंगारी म्हणजे त्याचा धंदा नव्हे. सात-आठ रंग वापरल्याशिवाय त्याचा आलेख पुरा होत नसे, म्हणून नाव पडलं. त्याला एक चकचकीत सॉफ्टवेअर आवडलं होतं. त्यात खांब उभे राहत, खांबांना सावल्या पडत, एक कळ दाबली की रेघा आपोआप गुळगुळीत होत. घाईबाईचं म्हणणं, "कोष्टकाचा प्रोग्रॅम आहे की प्रत्येकाकडे, त्यातच काढू, झटपट होतं." तिसरं एक सॉफ्टवेअर होतं, त्यात बटणं जवळजवळ नव्हतीच. काय हवं ते हुकूम लिहून सांगायचं. एक स्वल्पविराम चुकला की ते रुसून बसे, म्हणून रंगाऱ्यानं त्याचं नाव रुसूबाई ठेवलं. हुकूम ऐकणारं सॉफ्टवेअर! कापडाखाली माझे कान टवकारले.

सरांची एक पद्धत होती. नवा तराजू आला की ते आधी त्यावर माहीत असलेलं वजन ठेवून बघत. ते म्हणाले, "तिघांनाही तेच आकडे द्या. मग कोणी आकड्यांत पदरचं काय घातलं ते आपण पाहू."

"सर, सॉफ्टवेअर पदरचं कशाला घालेल?" रंगारी हसला.

"हाताच्या काकणाला आरसा कशाला? बघूच."

आकडे अर्थातच घाईबाईच्या ऑक्सिजनचे होते. कोष्टकानं पहिल्याच झटक्याला सगळ्यांची झोप उडवली. त्यानं रिकाम्या घरांना शून्य समजून रेघ थेट तळाला आपटली आणि पुन्हा उभी वर नेली. ती चूक दुरुस्त केली, तर त्यानं अलीकडचा आकडा आणि पलीकडचा आकडा सरळ रेघेनं जोडून टाकला, जणू मधे काही घडलंच नाही. सरांनी फुटपट्टी रेघेवर ठेवली. "इतकं सरळ तर मी माझ्या उभ्या आयुष्यात काही पाहिलं नाही. आपली भिंतसुद्धा नाही."

मग रंगाऱ्याचं चकचकीत. पहिल्यांदा त्यात तळ्याची यंदाची रेघ लाल आणि मागच्या वर्षीची हिरवी होती. सर बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "यात यंदाची कुठली?" तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की सरांना लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता! रंगाऱ्यानं निमूटपणे निळा आणि नारिंगी घेतला. नंतर त्यानं गुळगुळीत करायची कळ दाबली.

"ताई, हे बघा," रंगारी हळूच म्हणाला.

अलीकडे रेघ उतरत होती, पलीकडे चढत होती. सॉफ्टवेअरनं दोन्ही टोकं धरून मधे एक सुंदर खोल दरी काढली होती. दरीचा तळ बरोबर पिल्लं मेली त्या पहाटेवर आला होता.

"हेच," घाईबाई म्हणाली. "सर, हेच झालं! तळ्यातलाच ऑक्सिजन संपला होता. दादा खरं बोलतोय."

"जरा खालचा भाग उघड," सर म्हणाले. उघडल्यावर दिसलं की दरी शून्याच्याही खाली गेली आहे. "शून्याहून कमी ऑक्सिजन? म्हणजे मासे पाण्याला उसना देत होते की काय?"

"ते होईल हो नीट," रंगारी म्हणाला. "इथं एक सरकपट्टी आहे, गुळगुळीतपणा कमीजास्त करायची." त्यानं ती सरकवली आणि दरीचा तळ शून्याच्या जरा वर येऊन थांबला.

"अजून सरकव."

तळ आणखी वर आला.

"म्हणजे त्या पहाटे तळ्यात ऑक्सिजन किती होता," सर म्हणाले, "हे तुझ्या बोटावर ठरणार?"

रंगाऱ्यानं बोट काढून घेतलं. पण घाईबाई पेटली होती. "सर, अलीकडे उतरतंय, पलीकडे चढतंय. मधे खड्डा असणारच की नाही?"

"असेलही. मलाही तसंच वाटतं."

"मग?"

"मग काय? 'असेल' आणि 'आहे' एकाच शाईनं काढायचं नसतं."

"तुमचं ठीक आहे. तुमचा भाऊ नाही तो." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. सरांनी राग मानला नाही. ते उठले आणि माझ्यापाशी आले. माझ्यावरचं कापड निघालं. किती दिवसांनी मी उजेड पाहिला!

"हा एक राहिला," ते म्हणाले. "याला पदरचं घालताच येत नाही बिचाऱ्याला."

मला जागं करणं सोपं नव्हतं. माझी जाड केबल लागेल असा एकच जुना संगणक कपाटात होता, तो कुरकुरत सुरू झाला. घाईबाईनं सुकलेली पेनं कोमट पाण्यात बुडवली. त्यातलं एक, तपकिरी, कसंबसं लिहू लागलं. तिनं माझ्या दांड्यावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. चेहरा फुगलेला होता, पण हात अलवार होते. मग आकडे आले आणि मी निघालो. पहिल्या काही बोटांच्या अंतरात शाई अडखळली, पण नंतर जमलं. रेघ उतरू लागली. उतरता उतरता आकडे संपले आणि मी पेन उचललं.

"थांबला का? बिघडला?" तिनं विचारलं.

"बघ ना," सर म्हणाले.

मी पेन हवेत धरून ती जागा ओलांडली. पेन टेकवायची आज्ञा कुठूनच येत नव्हती. खाली कोरा कागद, वर मी, आणि शेजारी श्वास रोखून उभी राहिलेली ती मुलगी. पलीकडच्या आकड्यावर मी टेकलो आणि चढायला लागलो. मी थांबल्यावर तिनं बोटानं ती कोरी जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहून काही कळतं का ते शोधत होतो. मला आलेख वाचता येतात, माणसं नाही.

पुढचे दिवस ती रुसूबाईशी झटत होती. "इथं काय चुकलं आता?" असं स्वतःशीच पुटपुटत हुकूम लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. रुसूबाईला तिनं विचारलं, आकडा नसेल तर काय करतेस? रुसूबाईचं उत्तर मला फार आवडलं. ती काहीच करत नसे. जागा सोडून देई. जोडायचं असेल तर तसं स्पष्ट लिहून सांगावं लागे, म्हणजे करणाऱ्याला आपण काय करतोय ते कळल्याशिवाय राहत नसे. पण घाईबाईनं रंगाऱ्याचा दरीवाला आलेखही पुसला नव्हता. दोन्ही छापून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. कधी हा उचलून पाही, कधी तो. समितीला ती कोणता दाखवणार, हे मला कळेना, आणि कुतूहलानं माझा जीव टांगणीला लागला.

समिती आली त्या सकाळी खुर्च्या कमी पडल्या. अध्यक्षा म्हणजे एक निवृत्त परिचारिका, पांढरे केस, मोठी पर्स मांडीवर. त्यांच्या शेजारी एक वकील. त्यांना घाई असावी, सारखे घड्याळ पाहत होते. आणखी दोनतीन जण. दादा दाराशीच उभा राहिला. धुतलेला शर्ट, ओले विंचरलेले केस, आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून मागे धरलेले. बहिणीकडे त्यानं एकदाच पाहिलं.

पडद्यावर रंगाऱ्याची दरी आधीच लावलेली होती, पण प्रोजेक्टरचा दिवा अजून लागला नव्हता. घाईबाई उठली. संगणकापाशी गेली आणि तिनं ती बंद केली. पडद्यावर रुसूबाईचा आलेख आला. एक साधी निळी रेघ. मधे तुटलेली.

ती त्या दिवशी सावकाश बोलली. काय मोजलं, कशानं मोजलं, सगळं सांगितलं. तेवढ्यात वकिलांनी विचारलं, "ही मधे रेघ गेली कुठे? छापताना काही झालं का?"

"नाही. तेव्हा मोजलंच नाही. यंत्र मीच वर काढलं होतं."

"अहो, पण हेच तर दिवस हवेत आम्हाला! काही अंदाज?"

"अंदाज आहे. पण मी त्याची बहीण आहे. माझा अंदाज त्याच्याच बाजूनं झुकणार, तो धरू नका."

"मग या दिवसांत तळ्यात काय झालं?"

मित्रांनो, तिनं पडद्यावरच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. मग वळून म्हणाली, "मला माहीत नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. एवढं शिकलेली बाई, एवढी यंत्रं, आणि माहीत नाही! वकिलांनी हात पसरले. "संपलं मग. तळ्याचा दोष सिद्ध होत नाही. उरला पंप."

तेव्हा दादा दारापासून हलला. पडद्याकडे न जाता तो माझ्याकडे आला, कारण माझ्या पाटावर तो तपकिरी आलेख अजून पसरलेला होता. "छोटे, यात ती पहाट कुठली?"

तिनं कोऱ्या जागेत बोट ठेवलं.

"पंप चालू होता असं मी सगळ्यांना सांगत आलो," तो म्हणाला. "खरं सांगायचं तर मला झोप लागली होती. डोळा उघडला तेव्हा चालू होता. वीज गेली की तो बंद पडतो आणि आली की आपला आपण सुरू होतो. मधे बंद पडला असेल, नसेलही. मलाही माहीत नाही."

"म्हणजे आतापर्यंत खोटं बोललात!" वकील ताडकन उठले.

"बसा हो," अध्यक्षा म्हणाल्या. त्यांनी पर्स खाली ठेवली. "मी वॉर्डात आयुष्य काढलंय. ताप मोजायचा राहिला तर तक्त्यावर ती जागा रिकामी ठेवायची, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. आणि तरी भरून टाकणाऱ्या कितीतरी पाहिल्या मी. डॉक्टर रागावतील म्हणून." त्या दादाकडे वळल्या. "विचारल्याबरोबर खरं सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. प्रमुखपद तुमच्याकडे राहणार नाही. काम राहील. आणि पंप बंद पडला की वाजेल अशी घंटा बसवा, हौदातही एक मापक बसवा. झोप काय, कुणालाही लागते."

समिती गेल्यावर भावंडं दोघंच माझ्यापाशी उभी राहिली. घाईबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"दुसरं एक चित्र होतं म्हणे तुझ्याकडे," दादा म्हणाला. "रंगारी सांगत होता बाहेर."

"होतं."

"ते दाखवलं असतंस तर मी साफ सुटलो असतो."

"हो." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "रागावलास?"

"काल रागावलो असतो." त्यानं खिशातून रुमाल काढून तिच्या हातात कोंबला. "सुटलो असतो, आणि मग पंप चालू होता, पंप चालू होता, असं मरेपर्यंत म्हणत बसलो असतो. लोकांना आणि स्वतःलाही. आज बऱ्याच दिवसांनी भूक लागली आहे बघ. चल, काहीतरी खाऊ."

जाताना त्यानं माझ्या पाटावरचा कागद मागून घेतला. तो आता केंद्रात घंटेच्या शेजारी लावला आहे, असं मी ऐकतो. नवी माणसं कामाला आली की तो त्यांना त्या कोऱ्या जागेपाशी नेतो आणि आपली झोप लागल्याची हकिकत स्वतःच सांगतो. कुणी विचारलंच की त्या पहाटे खरंच काय झालं असेल, तर दोन्ही हात वर करतो. मलाही ते कधी कळणार नाही. कुतूहल मात्र गेलेलं नाही, आणि जाऊही नये असं वाटतं.

प्रयोगशाळेनं अखेर रुसूबाईला ठेवून घेतलं. रंगारीही तिचे हुकूम शिकला, हल्ली तोच तिचं सगळ्यात जास्त कौतुक करतो. माझं काम आता उरलेलं नाही. जुना संगणक परत कपाटात गेला, तपकिरी पेन पुन्हा सुकलं. पण घाईबाई अधूनमधून कापड काढते आणि माझा दांडा पुसते. तेवढं पुरतं.

तर मित्रांनो, म्हाताऱ्या यंत्राची एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत जी जुनी यंत्रं असतील त्यांची धूळ पुसत जा, आणि ती काय करायची ते कुणा मोठ्या माणसाला विचारत जा. आणि उद्या तुमच्या वर्गात कुणी उभं राहून "मला माहीत नाही" म्हणालं, तर त्याला हसू नका. जमलं तर त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि मग दोघं मिळून शोधायला लागा.